स्थित्यंतरवाचक इंग्रजी शब्दप्रयोग आणि मराठी : चिखला येथील खाणीच्या निमित्ताने

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला हे गाव मँगनीजच्या खाणीसाठी प्रसिद्ध आहे. या खाणीविषयीचे इंग्रजी लेखन मराठीत आणू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे खरी अडचण उभी राहते ती खनिजांच्या नावांची नव्हे, तर ‘नाऊ’ या एका साध्या अव्ययाची. ‘इन व्हॉट इज नाऊ महाराष्ट्र’ हा प्रयोग इंग्रजीत फार सोयीचा आहे. ज्या काळाविषयी आपण बोलत आहो त्या काळी ती वस्तू या रूपात वा या नावाने अस्तित्वात नव्हती, परंतु वाचकास ओळख पटावी म्हणून आजचे नाव घेत आहो, एवढा आशय त्यात सामावतो. ‘जे आता महाराष्ट्र आहे त्यात’ हे त्याचे शब्दशः रूप व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले तरी ते मराठी नव्हे. मराठी लेखक ‘आजच्या महाराष्ट्रात’ असे म्हणतो आणि बहुधा तेवढ्याने भागते.

‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की, ‘आजचा’ हे विशेषण दुहेरी आहे. ‘आजचा महाराष्ट्र’ म्हणजे आज महाराष्ट्र या नावाने ओळखला जाणारा प्रदेश, असा एक अर्थ. आणि आजच्या अवस्थेतील महाराष्ट्र, असा दुसरा. इंग्रजीतील ‘व्हॉट इज नाऊ’ला हा दुसरा अर्थ नाही. संदर्भ स्थळाचा असेल तर गोंधळ होत नाही. संदर्भ समाजाचा वा संस्थेचा असेल तर हटकून होतो.

चिखला हे उदाहरण मुद्दाम घेण्याचे कारण त्या गावाच्या प्रशासकीय इतिहासात आहे. फर्मर यांचा भारतातील मँगनीजच्या साठ्यांवरील ग्रंथ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९०९ साली प्रसिद्ध केला, तेव्हा हे गाव मध्यप्रांतात होते. १९५० मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाड यांचे मध्यप्रदेश राज्य झाले, त्याची राजधानी नागपूर होती आणि चिखला मध्यप्रदेशात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. आता १९५५ सालच्या एखाद्या अहवालात ‘मध्यप्रदेशातील चिखला’ असे आढळले, तर तो उल्लेख बिनचूक आहे. परंतु विद्यार्थ्याने तो तसाच उतरविला तर वाचक चिखला बालाघाटकडे शोधू लागेल. ‘तत्कालीन मध्यप्रदेश’ आणि ‘आजचा मध्यप्रदेश’ यांत नाव एकच, प्रदेश मात्र भिन्न. विदर्भातील जुनी मंडळी येथे ‘जुना मध्यप्रदेश’ असे म्हणतात, आणि माझ्या मते हा प्रयोग ‘तत्कालीन’पेक्षा अधिक नेमका आहे. ‘तत्कालीन’ केवळ काळ सांगते. ‘जुना’ म्हटले की नवा निराळा आहे हे आपोआप कळते. जिल्ह्याविषयीही असेच म्हणता येईल. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीच्या भंडाऱ्यास आपण ‘अविभक्त भंडारा जिल्हा’ म्हणतो. एकत्र कुटुंबाच्या व्यवहारातून आलेला हा शब्द येथे किती समर्पक आहे हे वेगळे सांगावयास नको.

प्रदेशांच्या बाबतीत चूक झाली तर नकाशा पाहून ती सुधारता येते. संस्थांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर होतो, कारण तेथे मालकीचा इतिहास गुंतलेला असतो. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाले. त्याचा कारभार पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी या, इंग्लंडात नोंदलेल्या कंपनीकडे गेला. १९६२ मध्ये भारत सरकारशी झालेल्या करारान्वये तिच्या येथील मालमत्तेवर मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड ही नवी कंपनी उभी राहिली. तिचे ५१ टक्के भांडवल केंद्र, महाराष्ट्र व मध्यप्रदेश या सरकारांचे, आणि उरलेले ४९ टक्के त्या ब्रिटिश कंपनीचे. हे ४९ टक्केही १९७७ मध्ये सरकारने घेतले. २०१० मध्ये कंपनीचे नाव ‘मॉयल लिमिटेड’ असे झाले. इंग्रजी लेखक ही सर्व साखळी ‘नाऊ मॉयल’ या दोन शब्दांत गुंडाळू शकतो. मराठीत मात्र त्या जागी ‘पूर्वाश्रमीची’ असे लिहिण्याची वृत्तपत्री रीत पडली आहे. मँगनीज ओअर (इंडिया) ही मॉयलची पूर्वाश्रमीची कंपनी, असे म्हटल्यास चालेल, कारण कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती तीच, नाव तेवढे निराळे. (संन्याशाच्या पूर्वाश्रमातील नाती व देणीघेणी संपतात; कंपनीची नाव बदलल्याने संपत नाहीत. तेव्हा हे रूपक तेथेही थोडे लंगडेच पडते.) पण ब्रिटिश कंपनीला ‘पूर्वाश्रमीची मॉयल’ म्हणणे सर्वथा चूक आहे. जी कंपनी १९६२ नंतरही पंधरा वर्षे नव्या कंपनीत भागीदार होती, तीच नवी कंपनी ‘झाली’ असे कसे म्हणावे? तसे लिहिले की परकीय मालकी कधी व किती टप्प्यांनी संपली, हा प्रश्नच वाचकाच्या मनात उठत नाही.

वस्तुतः मराठीजवळ याकरिता इंग्रजीहून बारीक साधन आहे. नामांतर, रूपांतर, स्थलांतर, हस्तांतर : या समासांतील ‘अंतर’ म्हणजे ‘अन्य’. काय बदलले, नाव की रूप की स्वामी, हे ठरविल्याखेरीज मराठी लेखकाला शब्द निवडताच येत नाही. १९६२ व १९७७ ही हस्तांतराची वर्षे, २०१० हे नामांतराचे. ‘आजी-माजी’ या जोडीची मर्यादाही ध्यानात घ्यावी. अरबीतून फारसीमार्गे आलेला ‘माजी’ पद सोडलेल्या माणसाला लागतो. ‘माजी मध्यप्रांत’ असे कोणी म्हणत नाही.

रूपांतर सांगण्याची मराठीची अस्सल रीत मात्र षष्ठीची आहे. दुधाचे दही होते, रावाचा रंक होतो. इंग्रजी ‘व्हॉट इज नाऊ’ परिणामाकडून मागे पाहते; मराठी षष्ठी मुळापासून परिणामाकडे नेते. चिखला परिसरातील गोंडाईट या खडकाबद्दल लिहिताना हा फरक स्पष्ट जाणवतो. गोंड लोकांवरून फर्मर यांनी हे नाव दिले. स्पेसार्टीन गार्नेट व क्वार्ट्झ हे त्याचे मुख्य घटक. ‘आता जे गोंडाईट आहेत ते एके काळी गाळ होते’ या वाक्यापेक्षा ‘मँगनीजयुक्त गाळाचा उष्णतेने व दाबाने गोंडाईट झाला’ हे वाक्य मराठी तर आहेच, शिवाय कारणही त्यात सहज बसते.

‘नाऊ’चा आणखी एक उपयोग फसवा आहे. छिंदवाडा जिल्ह्यातील सीतापारवरून फर्मर यांनी एका खनिजाला सीतापाराईट हे नाव दिले होते. पुढे ते खनिज बिक्सबाईटहून वेगळे नाही असे दिसून आले, आणि बिक्सबाईट हे नाव तर १८९७ पासूनच रूढ होते. इंग्रजी कोशांत ‘सीतापाराईट, नाऊ बिक्सबाईट’ अशी नोंद होऊ शकते. येथे नामांतर म्हणणे अपुरे आणि रूपांतर म्हणणे चूक, कारण वस्तूत काहीच पालटले नाही. पालटले ते आपले ज्ञान. अशा ठिकाणी मराठीत ‘झाले’ हे क्रियापद टाळून ‘ठरले’ हे वापरावे : सीतापाराईट हे बिक्सबाईटच ठरले.