पिल्लाला ‘बैस’ शिकवा, घरच्यांची हाडे वाचवा

गेल्या महिन्यात झरीतील एक आजोबा गुडघेदुखीसाठी दवाखान्यात आले. सोबत नऊ वर्षांचा नातू होता. त्याच्या मनगटावर दोन बारीक जखमा दिसल्या, एकीवर रक्ताची खपली होती. विचारले तर आजोबा म्हणाले, “काही नाही डॉक्टरसाहेब, घरचंच पिल्लू हाय. खेळता खेळता दात लागला.” काकाने पुण्याहून अडीच महिन्यांचे लॅब्रॅडॉर आणले होते. जखमेवर हळद दाबलेली, आणि या गोष्टीला तीन दिवस झालेले!

वाचकहो, ‘घरचंच पिल्लू’ हे दोन शब्द मला फार भीती घालतात. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्याआधी त्याच्या अंगी लसीचे संरक्षण नसते, आणि त्याची आई कोठे, कोणाच्या संगतीत होती हे आपल्याला ठाऊक नसते. रेबीज एकदा अंगात दिसू लागला की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य. म्हणून दात लागला की जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते. पोटातली ती चौदा इंजेक्शने आठवून पुष्कळ जण अजून कचरतात. ती जुनी लस आपल्या देशात 2004 च्या अखेरीस बंद झाली. आता लस दंडात देतात आणि डोस मोजके असतात. या मुलाची लस मी त्याच दिवशी सुरू करविली व सीरमसाठी त्याला परभणीला पाठविले.

पण दात लागतोच का? पिल्लू दुष्ट असते म्हणून नव्हे. रिट्रीव्हर म्हणजे शिकार उचलून आणणारा कुत्रा. शिकाऱ्याने पाडलेले बदक न चिरडता तोंडात धरून आणणे, हे त्याच्या पूर्वजांचे काम. इंग्लंडच्या केनेल क्लबने 1903 साली लॅब्रॅडॉरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. तेव्हा चप्पल, टॉवेल, मुलाचा हात, जे दिसेल ते तोंडात धरणारच. त्यात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडू लागतात, हिरड्या शिवशिवतात. त्याला चघळायला ओल्या फडक्याची घट्ट गाठ द्यावी. हाताला दात लागला की हात हिसकू नये, त्याला तो खेळच वाटतो. खेळ थांबवून उठावे आणि पाठ फिरवावी. चावले की खेळ संपतो, हे काही दिवसांत त्याला उमगते.

मारू मात्र नका. मार खाल्लेले पिल्लू चावायचे सोडत नाही, गुरगुरून इशारा द्यायचे सोडते. असा कुत्रा पुढे न गुरगुरता चावतो.

‘बैस’ शिकविणे अगदी सोपे आहे. भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा नाकासमोर धरून हळूच डोक्यावरून मागे न्या. नाक वर जाते, बूड आपोआप टेकते. टेकताक्षणी ‘बैस’ म्हणा आणि तुकडा द्या. जेवणापूर्वी पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा पुरे. उन्हाळ्यात आपल्याकडचे ऊन पाहता पहाटे किंवा दिवस मावळल्यावरच. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट यांचा तुकडा कधीही देऊ नये. कुत्र्याला ते बाधते.

अडचण पिल्लाची नसते, घरातल्या माणसांची असते. काका ‘सिट’ म्हणतो, आजी ‘खाली बस’ म्हणते, नातू ओरडतो ‘ए बस बस बस’. त्या मुक्या जिवाने कोणाचे ऐकावे? सर्वांनी मिळून एक शब्द ठरवावा. ‘ये’ म्हणून बोलावल्यावर कधी रागावू नये, नाहीतर ते यायचेच बंद होते. तोंडातली वस्तू ओढण्यापेक्षा ‘सोड’ म्हणून बदली तुकडा द्यावा.

आणि अंगावर उड्या मारण्याचे कौतुक तर मुळीच नको. दोन महिन्यांचे पाच किलोचे पिल्लू उडी मारते तेव्हा सारे घर हसते. तेच वर्षभरात तीस किलोच्या आसपास जाते. पंचाहत्तरीच्या आजीवर ते आनंदाने झेपावले, तर खुब्याचे हाड मोडायला तेवढे पुरेसे आहे, आणि त्या वयात खुबा मोडलेली बाई कित्येकदा पुन्हा पहिल्यासारखी उभी राहत नाही. म्हणून चारही पाय जमिनीवर टेकल्याशिवाय कोणीही त्याला कुरवाळू नये. पाहुण्यांनाही तसे बजावावे.

जंताचे औषध आणि लसीकरण परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या पशुवैद्यकांकडे करून घ्यावे. पिल्लाशी खेळून आलेल्या मुलाने हात धुतल्याशिवाय ताटावर बसू नये.

परवा तो मुलगा शेवटच्या डोससाठी आला होता. पिल्लू ठणठणीत आहे, त्यालाही लस टोचली आहे. “भाकरीचा तुकडा दिसला की बसतंय,” आजोबा सांगत होते. आजी मात्र अजून ‘खाली बस रे माझ्या राजा’ एवढे सगळे म्हणते, आणि पिल्लू तिच्या तोंडाकडे बघत उभेच राहते.