आधी बोअर मोजायचा

सकाळी ८.००
कोल्हापूरच्या उद्यमनगरात या वेळी गल्लीभर शटरांचा खडखडाट असतो. माझं दुकान छोटं. एक लेथ, एक सीट कटिंगचं मशीन, एक ओव्हन आणि घरी बनवलेला हवा मोजायचा खोका. इंजिनाचं हेड सोडून दुसरं काम मी घेत नाही.

८.३०
गडहिंग्लजकडचा पोरगा पिशवीतून शंभर सीसीचं हेड काढतो. गाडी फक्त मातीच्या ट्रॅकवर पळवायची आहे. दुसऱ्या हातात २७ मिलिमीटरचा व्हॉल्व्ह, भलत्याच गाडीचा.
"काका, इनटेकला ह्यो बसवा. दार मोठं केलं की हवा जास्त जाणार, नव्हं?"
"सिलिंडर आणलायस?"
"काम तर हेडाचं हाय."
"आण जा."

९.१५
सिलिंडर आला, पिस्टन आणि क्रँकसकट. वहीत पहिला रकाना बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा: ५०. मग स्ट्रोक ४९.५, इनटेक व्हॉल्व्ह २३, एक्झॉस्ट २०. डायल गेज लावून पाहिलं, कॅम व्हॉल्व्हला ५.६ मिलिमीटर उचलतो.
दोन व्हॉल्व्हच्या हेडासाठी माझा ठोकताळा असा: इनटेक बोअरच्या निम्म्याच्या आसपास, एक्झॉस्ट इनटेकच्या ८० ते ८५ टक्के. जळालेला वायू स्वतःच्या दाबानं बाहेर धावतो, त्याला लहान दार पुरतं. ताज्या हवेला आत ढकलायला मात्र बाहेरच्या वातावरणाचाच काय तो जोर.
पोराला बेरीज करायला लावली. २७ आणि २० म्हणजे ४७. दोन सीटांच्या, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्यांच्या, मध्ये निदान ३ मिलिमीटर धातू हवा, नाहीतर तापून तिथंच तडा जातो. झाले ५०. म्हणजे व्हॉल्व्हची कड थेट सिलिंडरच्या भिंतीला. हेडाला घुमट आहे, व्हॉल्व्ह तिरके आहेत, त्यामुळं थोडी जागा सुटते, पण थोडीच.
"टेकत तर न्हाई ना?" पोरगा अजून हटून आहे.

१०.३०
आता खोका. व्हॅक्यूम क्लीनरच्या दोन मोटारी हवा ओढतात आणि हवा जितकी जास्त जाईल, तितकं तिरक्या नळीतलं रंगीत पाणी वर चढतं. फळीवरून एक भंगार हेड काढलं. तेही शंभर सीसीचंच, २७ ची सीट कापलेलं. पंधरा वर्षांपूर्वी मीच कापलं होतं. ती गाडी चढावर गुदमरायची आणि दोष मी कार्ब्युरेटरला देत बसलो होतो.
हेड नुसतं खोक्यावर ठेवलं, व्हॉल्व्ह उचलला. पाणी सरसर चढलं. पोरगा खूश. मग हेडाखाली ५० च्या बोअरची स्लीव्ह सरकवली. व्हॉल्व्ह तोच, उचल तीच, मोटारी त्याच. पाणी बोटभर खाली आलं.
व्हॉल्व्हभोवती हवा गोल कडेनं बाहेर पडते. त्या गोलाचा भिंतीकडचा भाग झाकला गेला, की तेवढं दार बंदच. दार मोठं केलं आणि ते भिंतीला लागूनच उघडतंय, तर उपयोग काय?

११.३०
दुसरा हिशोब वेगाचा. ८,००० आरपीएमला या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १३.२ मीटर. बोअरला व्हॉल्व्हनं भागायचं, वर्ग करायचा, त्यानं पिस्टनचा वेग गुणायचा. २३ चा व्हॉल्व्ह असेल तर हवा साधारण ६२ मीटरनं आत येते, २५ ला ५३, २७ ला ४५. फार वेग झाला तर हवा अडते. फार कमी झाला तर खालच्या आरपीएमला पेट्रोल हवेत नीट मिसळत नाही आणि सिलिंडर भरत नाही. माझं भंगार हेड तसंच गुदमरलं होतं.
ठरलं: २५. बोअरच्या बरोबर निम्मा. एक्झॉस्ट २० चाच, म्हणजे ८० टक्के.

दुपारी १.३०
भाकरी, पिठलं, कांदा.

२.१५
हेड ओव्हनमध्ये १५० अंशांवर, नवी सीट फ्रीजरमध्ये. जुन्या सीटची जागा आठ-दहा शतांश मिलिमीटर घट्ट राहील अशी वाढवलेली आहे. बाहेर काढल्यावर काही सेकंदच मिळतात. सीट एका ठोक्यात बसली. ठोका बद्द न येता टणक आला, की माझा श्वास सुटतो.

३.३०
सीटला तीन कोन: वर ३०, मध्ये ४५, खाली ६० अंश. व्हॉल्व्ह टेकतो तो ४५ चा पट्टा एक मिलिमीटर रुंद. सीटच्या आतला घसा २१.२५ ठेवला, व्हॉल्व्हच्या ८५ टक्के. निळा रंग लावून पाहिलं, पट्टा सगळीकडं सारखा उमटला. पेस्ट लावून हलकं लॅपिंग. मग हेड उलटं करून रॉकेल ओतलं. दहा मिनिटांत पोर्टमध्ये थेंब नाही.

५.००
पिस्टनच्या माथ्यावर मऊ क्लेचा थर, सगळं जुळवून क्रँक दोनदा हातानं फिरवला. क्ले कापून मोजली: इनटेककडं २ मिलिमीटर अंतर. पुरेसं आहे.

६.००
परत खोका, या वेळी सुरुवातीपासूनच स्लीव्ह लावून. पाणी सकाळच्या २७ पेक्षा वर थांबलं. कॅम तोच असल्यानं कडेची वाट २३ च्या तुलनेत नऊएक टक्केच वाढली आहे. खरं तर उचल व्हॉल्व्हच्या पाव पट, म्हणजे सव्वासहा मिलिमीटर हवी. ते पुढचं काम, कॅमवाल्याकडं.

७.१५
पोरगा हेड न्यायला आला. पैसे दिले, २७ चा व्हॉल्व्ह उचलून खिशात टाकला. दारापर्यंत गेला, थांबला. बोटांवर काहीतरी मोजलं.
"काका, मग ह्याला चोपन्नचा बोअर लागंल?"
मी शटरला हात घातला होता, तो काढला. "लागंल. सिलिंडर घेऊन ये."
"हेडाच्या आधी?"
"हेडाच्या आधी."