जुन्या मिलिंग यंत्राचे संगणकीय नूतनीकरण : खेड तालुक्यातील लघुउद्योग व महाविद्यालयीन कार्यशाळांच्या संदर्भात

सारांश

हाताने चालविल्या जाणाऱ्या जुन्या मिलिंग यंत्रास संगणकीय नियंत्रण व प्रत्येक अक्षासाठी स्वतंत्र मोटर बसविण्याच्या प्रक्रियेस कारखानदारीच्या भाषेत 'रेट्रोफिटिंग' असे म्हणतात. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेची पार्श्वभूमी, तिचे टप्पे, सुरक्षिततेचे प्रश्न व मर्यादा यांचा परिचय करून देण्यात आला आहे. नूतनीकरणाचे यश संगणकाच्या किमतीवर नव्हे, तर यंत्राच्या सरकपृष्ठांच्या व स्क्रूच्या अवस्थेवर अवलंबून असते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : मिलिंग यंत्र, सीएनसी, बॉल स्क्रू, सर्व्हो मोटर, लघुउद्योग, कार्यशाळा

१. प्रस्तावना

हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचे जन्मगाव असलेले राजगुरुनगर हे खेड तालुक्याचे मुख्यालय होय. पुणे-नाशिक महामार्गावरील चाकण हे याच तालुक्यात येते. चाकण येथे बजाज ऑटोचा कारखाना १९९९ मध्ये, तर फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. मोठ्या वाहनउद्योगाभोवती सुटे भाग, जिग, फिक्श्चर व डाय बनविणाऱ्या लहान वर्कशॉपचे जाळे असते. भोसरी, चिंचवड व चाकण परिसरातील अशा शेडमधून एचएमटीच्या 'एफएन-२' यांसारखी जुनी मिलिंग यंत्रे आजही आढळतात. महाविद्यालये, तंत्रनिकेतने व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्या कार्यशाळांतही तीच स्थिती आहे.

अशा यंत्राबाबत केव्हातरी निर्णय घ्यावा लागतो. डेडस्टॉक नोंदवहीतून निर्लेखन करून ते भंगारात काढावे, की त्यावर खर्च करून ते सीएनसी करावे? हा निर्णय अनेकदा केवळ दरपत्रकावरून घेतला जातो. तो तांत्रिक पायावर घेता यावा, यासाठी पुढील उद्दिष्टे समोर ठेवून विषयाची मांडणी केली आहे.

उद्दिष्टे :
१) संगणकीय नूतनीकरणाची संकल्पना व तिचा इतिहास समजून घेणे.
२) प्रक्रियेचे टप्पे व त्यामागील कार्यकारणभाव स्पष्ट करणे.
३) सुरक्षितता व मर्यादा यांचा विचार करणे.
४) महाविद्यालयीन कार्यशाळेच्या दृष्टीने उपयुक्तता तपासणे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

नूतनीकरण ही दुय्यम दर्जाची तडजोड आहे, असा समज आढळतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरच्या पात्यांचे उत्पादन करीत असत. वक्र पृष्ठभाग आकड्यांच्या आधारे कापण्याच्या त्यांच्या कल्पनेस अमेरिकी वायुदलाने १९४९ मध्ये अर्थसाहाय्य दिले. त्यावर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेने काम केले आणि १९५२ मध्ये पहिले संख्यानियंत्रित मिलिंग यंत्र चालवून दाखविले. हे यंत्र नव्याने बांधलेले नव्हते. सिनसिनाटी कंपनीच्या 'हायड्रो-टेल' या तयार मिलिंग यंत्रावरच नवे नियंत्रण चढविण्यात आले होते. म्हणजेच संख्यानियंत्रणाचा आरंभच नूतनीकरणातून झाला.

भारतात एचएमटीची स्थापना १९५३ मध्ये बंगळूर येथे झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये अस्तित्वात आले. १९६० च्या दशकात टेल्कोने पुण्यातील आपल्या कारखान्यासाठी यंत्रे घडविणारा स्वतंत्र विभागही उभारला. त्या पिढीतील अनेक यंत्रांचे ओतकाम आजही भक्कम आहे. बिडाचे ओतकाम कंपने शोषून घेते आणि त्यातील अंतर्गत ताण कालांतराने कमी होतात. नूतनीकरणात जे टिकवायचे असते ते हे बीड होय.

३. जुन्या यंत्रातील मूळ प्रश्न : बॅकलॅश

मिलिंग यंत्रात कटर जागेवर फिरतो आणि त्याखाली टेबल सरकते. टेबल, सॅडल व नी हे तीन भाग अनुक्रमे लांबी, रुंदी व उंची या दिशांनी हलतात. हँडल फिरविले की स्क्रू फिरतो व नटाद्वारे टेबल पुढे जाते. स्क्रू व नट यांच्या आट्यांमध्ये थोडी मोकळीक असावीच लागते. झिजेमुळे ती वाढत जाते. दिशा उलटविताना हँडल फिरते, पण टेबल तेवढा वेळ जागचे हलत नाही. या रिकाम्या फिरण्यास 'बॅकलॅश', तर कामगारांच्या भाषेत 'प्ले' म्हणतात.

अनुभवी मिलर हा दोष हातानेच सांभाळतो. तो नेहमी एकाच बाजूने मापावर येतो, थोडे मागे जाऊन पुन्हा पुढे येतो व डायल गेजवर खात्री करतो. संगणकाकडे हा हात नसतो. समजा, स्क्रूमध्ये ०.३ मिलिमीटर प्ले आहे. संगणकाने वर्तुळ कापण्याची आज्ञा दिल्यास ज्या चार ठिकाणी एकेका अक्षाची दिशा उलटते, तेथे वर्तुळावर पायरी उमटते. शिवाय कटरचे दात व टेबल एकाच दिशेने चालत असतील, तर कटर टेबलाला स्वतःकडे ओढतो. टेबल प्लेएवढे झटक्याने पुढे सरकते आणि कटर तुटू शकतो.

हा दोष नियंत्रकातील 'बॅकलॅश भरपाई'ने दूर होईल, असे सांगितले जाते. ते अंशतःच खरे आहे. ही सोय दिशा बदलताना मोटर तेवढी अधिक फिरविते. त्यामुळे माप सुधारते, परंतु कापण्याच्या बलापुढे टेबल घट्ट धरून ठेवण्याची क्षमता त्यातून येत नाही. म्हणून जुना स्क्रू काढून त्या जागी बॉल स्क्रू बसविणे हा खरा उपाय होय. यात नट व स्क्रू यांमध्ये पोलादी गोळ्या असतात आणि पूर्वदाब देऊन मोकळीक जवळजवळ नाहीशी करता येते.

४. नूतनीकरणाचे टप्पे

४.१ तपासणी : प्रथम यंत्र स्वच्छ करून डायल गेज व सरळपट्टीने सरकपृष्ठे तपासावीत. टेबलाचा वापर वर्षानुवर्षे मध्यभागी होतो, त्यामुळे झीजही मध्यभागी अधिक असते. जिब आवळून मध्यभागातील ढिलाई काढली की टेबल टोकाकडे जाम होते. असे आढळल्यास पृष्ठे असमान झिजली आहेत हे निश्चित समजावे.

४.२ यांत्रिक दुरुस्ती : निळा रंग लावून उंचवटे शोधणे व हाताने स्क्रेपिंग करणे, अथवा पृष्ठे ग्राइंड करून त्यांवर कमी घर्षणाचे अस्तर चिकटविणे, हे मार्ग आहेत. स्पिंडलचे बेअरिंग व तेलपुरवठा याच वेळी तपासावा. मंद गतीने सरकताना घर्षणामुळे टेबल थांबत-थांबत पुढे जाते. हा दोषही तेल व अस्तर यांमुळे कमी होतो.

४.३ चालना : मूळ यंत्रात बहुधा एकच फीड मोटर गिअरबॉक्समार्फत टेबल चालविते. नव्या रचनेत प्रत्येक अक्षास स्वतंत्र मोटर दिली जाते. सामान्य स्टेपर मोटर एका फेरीत २०० पावले टाकते. ५ मिलिमीटर लीडच्या स्क्रूवर एक पाऊल म्हणजे ०.०२५ मिलिमीटर होय. भार वाढल्यास स्टेपरचे पाऊल चुकते आणि साध्या रचनेत नियंत्रकास त्याचा पत्ता लागत नाही. सर्व्हो मोटरवर एन्कोडर असतो. फेरीमागे १०,००० स्पंद देणारा एन्कोडर त्याच स्क्रूवर ०.०००५ मिलिमीटरचा भेद ओळखतो व चूक होताच ड्राइव्ह ती दुरुस्त करतो किंवा यंत्र थांबवितो. तथापि एन्कोडरची ही सूक्ष्मता म्हणजे कामाची अचूकता नव्हे. एन्कोडर मोटर किती फिरली ते सांगतो, टेबल कोठे आहे ते सांगत नाही.

४.४ नियंत्रण : फानुक, सीमेन्स यांसारख्या कंपन्यांचे तयार नियंत्रक वापरता येतात. दुसरा पर्याय 'लिनक्ससीएनसी' या मुक्त प्रणालीचा आहे. तिचा उगम अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने १९९० च्या दशकात केलेल्या कामात आहे. मोटरच्या व संदेशाच्या तारा वेगळ्या नेणे, आवरणयुक्त केबल वापरणे व चांगले अर्थिंग करणे आवश्यक असते. अन्यथा ड्राइव्हमधील विद्युत गोंगाटामुळे खोटे संदेश जातात.

४.५ चाचणी : शेवटी प्रत्येक अक्ष दोन्ही दिशांनी अनेक वेळा एकाच बिंदूवर आणून फरक नोंदवावा. यासाठी आयएसओ २३०-२ हे मानक उपलब्ध आहे.

५. सुरक्षितता

नूतनीकरणातील सर्वांत गंभीर प्रश्न बॉल स्क्रूच्या गुणातूनच निर्माण होतो. जुन्या सरकत्या आट्यांची कार्यक्षमता कमी, साधारणतः २० ते ४० टक्के असते. त्यामुळे हँडल सोडले तरी नी खाली येत नाही. बॉल स्क्रूची कार्यक्षमता सुमारे ९० टक्के असल्याने तो स्वतः अडकून राहत नाही. वीज गेल्यास नी, सॅडल व टेबल यांचे शेकडो किलोंचे वजन खाली घसरू शकते. अशा वेळी कामगाराचा हात टेबलाखाली असेल, तर काय होईल हे सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणून उभ्या अक्षाच्या मोटरला वीज जाताच आपोआप लागणारा ब्रेक असलाच पाहिजे. शक्य तेथे प्रतिभारही द्यावा.

आपत्कालीन थांब्याचे बटण केवळ संगणकाला संदेश देणारे नसावे. त्याने रिलेमार्फत ड्राइव्हची शक्ती थेट तोडावी, कारण संगणक गोठलेला असतानाच या बटणाची गरज भासते. प्रत्येक टोकास लिमिट स्विच असावेत. जुन्या यंत्रात टेबल कामगार स्वतः हलवीत असे. आता ते आपण होऊन हलते, म्हणून जाळी अथवा दरवाजा आवश्यक ठरतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम २१ अन्वये यंत्रांच्या धोकादायक भागांना कुंपण घालणे बंधनकारक केले, तेव्हापासून हे तत्त्व भारतीय कारखान्यांस परिचित आहे.

६. मर्यादा

नूतनीकृत यंत्र हे नव्या मशीनिंग सेंटरला पर्याय नव्हे. जुन्या स्पिंडलची गती साधारणतः मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आत असते. आपोआप टूल बदलण्याची सोय नसते. मोठ्या संख्येच्या उत्पादनात ते टिकणार नाही. एखाददुसरा डाय, फिक्श्चर किंवा दुरुस्तीचा भाग करणाऱ्या वर्कशॉपला मात्र ते पुरेसे ठरू शकते. बीड तडकलेले असेल किंवा सरकपृष्ठांच्या दुरुस्तीचाच खर्च परवडत नसेल, तर नूतनीकरण करू नये. झिजलेल्या यंत्रावर महाग नियंत्रक चढविल्यास जुनीच चूक अधिक शिस्तीने पुन्हा पुन्हा होत राहते.

७. महाविद्यालयीन कार्यशाळेसाठी उपयुक्तता

तयार यंत्र विकत घेतल्यास विद्यार्थी ते चालविण्यास शिकतो. जुने यंत्र उघडून बांधल्यास ते का चालते हेही त्यास कळते. घर्षण व उष्णताप्रसरण हा भौतिकशास्त्राचा, वर्तुळाचे लहान पायऱ्यांत विभाजन हा गणिताचा, एन्कोडर व ड्राइव्ह हा इलेक्ट्रॉनिक्सचा, नियंत्रकाची आज्ञावली हा संगणकशास्त्राचा, तर घसारा व दुरुस्ती-खर्चाची तुलना हा वाणिज्य शाखेचा विषय आहे. एकाच यंत्राभोवती इतक्या विभागांना एकत्र येता येईल, अशा संधी महाविद्यालयात थोड्या असतात.

या कामात निवृत्तीकडे झुकलेल्या मिलर व फिटर यांना निमंत्रित करणे अगत्याचे आहे. स्क्रेपिंगचे कौशल्य पुस्तकातून येत नाही. पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील वर्कशॉपना गुरुवारी साप्ताहिक सुटी असते. त्या दिवशी असे कारागीर कार्यशाळेस वेळ देऊ शकतील.

८. निष्कर्ष

१) नूतनीकरणाचा निर्णय सरकपृष्ठे, स्क्रू व बीड यांच्या तपासणीनंतरच घ्यावा, नियंत्रकाची निवड त्यानंतर करावी.
२) बॅकलॅश हा यांत्रिक दोष आहे, त्याचा मुख्य उपायही यांत्रिकच असतो.
३) उभ्या अक्षाचा ब्रेक, स्वतंत्र आपत्कालीन थांबा व संरक्षक आवरण हा खर्च ऐच्छिक मानू नये.
४) एकेकट्या कामांच्या वर्कशॉपसाठी व अध्यापनासाठी ही पद्धती उपयुक्त आहे, मोठ्या उत्पादनासाठी नाही.
५) मिलरच्या हातातील ज्ञान संगणक आपोआप आत्मसात करीत नाही. ते स्क्रू, अस्तर व मोजमाप यांच्या रूपाने यंत्रात उतरवावे लागते, आणि ते जाणणारी माणसे कामावर आहेत तोवरच हे करता येण्यासारखे आहे.