यंत्र आणि विद्यार्थी यांच्यामधील शिक्षक

'शैक्षणिक तंत्रज्ञान' हे शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे संगणक, मोबाइल, चित्रफिती अशी साधने उभी राहतात. ही साधने स्वस्त होऊन सर्वत्र पोहोचली, की शिक्षण आपोआप सर्वांच्या दारी जाईल, असा समज जगभर रूढ आहे. तो अगदीच निराधार नाही. दिवसभर काम करून रात्री अभ्यासाला बसणाऱ्याला मोबाइलवरील एखादा पाठ किती उपयोगी पडतो, हे आपण जाणताच. परंतु साधन पोहोचणे आणि शिक्षण पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने हा फरक मोठी किंमत देऊन अनुभवला. तेथील सरकारने २००८ पासून ग्रामीण शाळांतील मुलांना लहान आकाराचे संगणक वाटले. ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी करून आंतर-अमेरिकी विकास बँकेने २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. मुलांच्या सर्वसाधारण बुद्धिकौशल्यात थोडी वाढ दिसली. गणित आणि भाषा या विषयांत मात्र प्रगती आढळली नाही. संगणक मुलांच्या हाती होता. पण त्यावरील कोणता भाग कोणत्या धड्यासाठी, कसा वापरावा, याची स्पष्ट आखणी शिक्षकांना मिळाली नव्हती. यंत्र वाटणाऱ्यांनी शिक्षकाला जणू वाटेतील एक टपालवाला मानले होते.

याच्या अगदी उलट स्थिती आफ्रिकेतील घाना या देशात एका शाळेत होती. तेथे शिक्षक होता, यंत्र नव्हते. सेक्येदोमासे या गावातील रिचर्ड अप्पिया अकोटो हे संगणकविषयक ज्ञान शिकवीत. या विषयाची राष्ट्रीय परीक्षा विद्यार्थ्यांना द्यावी लागे. परंतु २०११ पासून शाळेत एकही संगणक नव्हता. तेव्हा अकोटो यांनी रंगीत खडू घेऊन संगणकाचा पडदाच फळ्यावर रेखाटला. लेखन करण्याची चौकट, तिच्यावरील पट्टी, पट्टीवरील लहान लहान चिन्हे, सारे काही जागच्या जागी. मुले ते वहीत उतरवून घेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये या फळ्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर जगभर पसरली. पुढील महिन्यात सिंगापूर येथील शिक्षक-संमेलनात मायक्रोसॉफ्टने त्यांना बोलावले आणि देणगीदारांकडून शाळेत संगणकही आले. फळ्यावरचे चित्र म्हणजे संगणक नव्हे, आणि अशा कसरतीचे नुसते कौतुक करणे म्हणजे अभावाचेच कौतुक करणे होय. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. त्या मुलांपुढे संगणक आला, तेव्हा तो त्यांना अगदीच अनोळखी वाटला नसेल.

पेरूत यंत्र होते, पण ते धड्याशी जोडले गेले नाही. घानात जोडणारा होता, यंत्र नव्हते. या दोहोंचा मेळ आपल्याकडील एका प्राथमिक शिक्षकाने घातला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. क्यूआर कोड म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा छापील चौकोन. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर तो धरला, की त्याच्याशी जोडलेली कविता ऐकू येते किंवा पाठाची चित्रफीत दिसू लागते. यात नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. घरात असलेला मोबाइल आणि हातातले पुस्तक एवढ्यावर काम भागते. मात्र कोणत्या पानावर मूल अडखळते, हे ठाऊक असल्याशिवाय कोड कोठे हवा हे कळत नाही, आणि ते ज्ञान वर्गातच मिळते. आज शासकीय पाठ्यपुस्तकांतही असे कोड छापलेले असतात. डिसले यांना २०२० चा 'जागतिक शिक्षक पुरस्कार' मिळाला, तेव्हा दहा लाख डॉलरच्या रकमेतील निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांमध्ये वाटून दिला.

घरात मोबाइलच नसेल तर? हा प्रश्न २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने शाळा बंद पडल्या तेव्हा तीव्रतेने पुढे आला. 'असर' या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांच्या घरांपैकी सुमारे ६२ टक्के घरांत त्या वर्षी स्मार्टफोन होता. म्हणजे दहांतील जवळजवळ चार घरे त्यावाचून होती. झारखंडातील दुमका जिल्ह्यात, बनकाठी गावच्या शाळेतील बहुतेक मुलांची हीच स्थिती होती. तेथील शिक्षकांनी गावात झाडांवर, भिंतींवर ध्वनिवर्धक बसविले आणि शाळेतून बोलून रोज ठरावीक वेळी ते शिकवू लागले. मुले सावलीत वह्या घेऊन बसत. ध्वनिवर्धकाला उलट प्रश्न विचारता येत नाही, ही त्यातील मोठी उणीव होती. त्यासाठी मुलांनी कोणाच्या तरी मोबाइलवरून आपली शंका मुख्याध्यापकांकडे पाठवायची आणि दुसऱ्या दिवशीच्या पाठात तिचे उत्तर ऐकायचे, अशी सोय करण्यात आली.