चिरंजीव रंगरूट होतात!

नागपूरकराला कामठी कधी परकी वाटली नाही. १८२१ साली इंग्रजांनी कन्हानकाठी छावणी वसवली, तेव्हापासून लष्कर आमच्या शेजारीच आहे. शहरापासून अवघ्या सोळा-सतरा किलोमीटरवर. कामठी रोडने हिरव्या मोटारी धडधडत जातात, आपण स्कूटर बाजूला घेतो आणि पुन्हा आपल्या वाटेला लागतो. आम्हा पांढरपेशांना फौजेविषयी अभिमान उदंड. मात्र त्या मोटारीत बसलेला मुलगा दुसऱ्या कुणाचा तरी असतो, हे आपण गृहीत धरलेले असते.

गेल्या वर्षी आमच्या घरापुरते ते खोटे ठरले. चिरंजीव अग्निवीर म्हणून निवडले गेले आणि त्यांना ठिकाण मिळाले ते कामठीचेच गार्ड्‌स रेजिमेंटल सेंटर! नातेवाईक म्हणाले, “नशीबवान आहात, घरच्या घरी सोय झाली.” ही ‘घरची सोय’ काय असते, ते पुढच्या एकतीस आठवड्यांत आम्हाला कळायचे होते.

त्याआधी हिशेबाचे रामायण झाले. आमचे मेहुणे बँकेतले. त्यांनी कागदच पुढे ओढला. अग्निपथ योजना २०२२ साली आली. नोकरी चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले तीस टक्के सेवानिधीत जातात, तितकेच सरकार घालते आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार हाती येतात. पेन्शन नाही. योजनेच्या मूळ नियमाप्रमाणे कायम होणार ते जास्तीत जास्त पंचवीस टक्के. “म्हणजे भाऊजी,” पेन खिशाला लावीत मेहुणे म्हणाले, “शंभरातले पंचाहत्तर पंचविशीच्या आत घरी! मग पुढे काय?”

या प्रश्नाचे पुरते उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हते, आजही नाही. पण चिरंजीव एवढेच म्हणाले, “मामा, इंजिनिअर होऊन घरी बसलेले आपल्या गल्लीत किती आहेत, तेही मोजा ना.” मेहुण्यांनी कागदाची घडी घातली. दिवाळीचे फटाके संपले आणि एक ट्रंक घेऊन मुलगा घराबाहेर पडला.

पायदळाच्या रंगरुटाचे प्रशिक्षण दोन भागांत असते. दहा आठवडे मूलभूत, मग एकवीस आठवडे पुढचे. पहिल्या दहा आठवड्यांत पोराची जणू नवी घडणच होते. पहाटे अंधारात उठणे, पी. टी., धावणे, ड्रिल, हत्यारांची ओळख, अंथरुणाची चौकोनी घडी. घरी ज्याला उठवायला तीन हाका आणि एक चादर-ओढणी लागे, तो उस्तादांच्या एका शिट्टीवर रांगेत उभा राहू लागला. ‘उस्ताद’ म्हणजे शिकवणारा हवालदार किंवा नाईक. हा शब्द पुढे आमच्या घरात मास्तरांपेक्षाही मोठा झाला.

मोबाईल फक्त रविवारी, तोही थोडा वेळ. म्हणून मी पत्रे लिहायला घेतली. पहिले पत्र सौ.ने वाचले आणि म्हणाल्या, “अहो, यात ‘काळजी घे’ अकरा वेळा आहे. त्याने पत्र वाचायचे की तुमची काळजी वाहायची?” बरोबर होते. मग पत्रांत दुसरे येऊ लागले. नळाला पाणी किती वाजता आले, संत्री काय भावाने मिळाली, शेजारच्या कुत्रीला पिले झाली. पुढे तो म्हणाला की तुकडीतली मुले त्या पिलांची चौकशी करीत.

जवळ असण्याचा जाच मात्र वेगळाच. मुलगा गुवाहाटीला असता तर मनाने हात टेकले असते. इथे मेट्रोने ऑटोमोटिव्ह चौक गाठला की कामठी हाकेवर! एका रविवारी आम्ही ड्रॅगन पॅलेस मंदिर पाहायचे निमित्त काढून गेलो. येताना रिक्षा छावणीच्या रस्त्याने घ्यायला लावली. भिंतीपलीकडून कवायतीचा आवाज येत होता. शेकडो बूट एकाच वेळी आपटत होते. सौ. कान देऊन ऐकत होत्या. त्यात आपला पाय कोणता, हे आईलाही ओळखता येईना. मांडीवरचा सांभारवडीचा डबा तसाच घरी आला.

सातव्या आठवड्यात फोनवर आवाज निराळा वाटला. “बाबा, नळी दुखते. आईला सांगू नका.” सवय नसलेल्या पायावर धावण्याचा आणि बुटांचा भार पडला की नळीच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. जगातल्या सगळ्याच फौजांना हे दुखणे ठाऊक आहे. लपवले तर तडा वाढतो. सांगितले तर विश्रांती, आणि विश्रांती लांबली तर मागच्या तुकडीत जावे लागण्याची धास्ती. पोराला भीती पायाची नव्हती, सोबत्यांपासून मागे पडण्याची होती.

सौ.ना अर्थात कळलेच. त्या म्हणाल्या, “घेऊन या त्याला.” मेहुणे म्हणाले, “ओळखीचे एक निवृत्त कर्नल आहेत, शब्द टाकू का?” दोन्हींतली माया खरी होती. पण आपण शब्द टाकला असता, तर पोराच्या तोंडचा शब्द आपण काढून घेतला असता. मी त्याला म्हटले, “उद्या सकाळी उस्तादांना तूच सांग. मागे पडलास तर मागून ये. घर कुठे जात नाही.” ती रात्र आम्ही दोघांनी छताकडे पाहत काढली. सुदैवाने हाड शाबूत निघाले, नुसती सूज होती. दहा दिवस धावणे बंद, आणि तुकडी तीच राहिली.

त्या दहा दिवसांत त्याचे ताट-भांडे घासले ते तमिळनाडूच्या एका मुलाने. पलीकडच्या खाटेवर पंजाबचा, अलीकडे बंगालचा. गार्ड्‌सची हीच रीत. १९४९ साली करिअप्पांनी ही पलटण उभी केली, तेव्हा एकाच जातीची वा प्रांताची माणसे न घेता साऱ्या देशाची घ्यायची, असे ठरले. १९७१च्या युद्धात परमवीरचक्राचे मानकरी ठरलेले लान्स नाईक अल्बर्ट एक्का याच पलटणीचे, झारखंडचे आदिवासी. आमच्या सोसायटीत भाडेकरू ठेवताना आडनाव विचारतात, हे मला त्या दिवसांत फार आठवे.

जूनमध्ये कसम परेड झाली. नागपूरचे ऊन तुम्हाला सांगायला नको. मैदानावर सगळे चेहरे एकाच काळसर रंगाचे, आणि आम्ही दोघे चुकीच्याच मुलाकडे पाहत होतो. नंतर आईबापांच्या छातीवर गौरव पदक लावले गेले. सौ.नी मला हळूच विचारले, “आपण काय केले हो?” मी म्हटले, “मध्ये पडलो नाही.”

यंदा दिवाळीला तो पलटणीत आहे. चार वर्षांनंतरचा प्रश्न तसाच उभा आहे आणि तो आम्हाला सोडवावा लागेल. पण परवा मेहुणे आले ते कागद-पेन न घेता. त्यांची कन्या अकरावीत आहे आणि खडकवासल्याच्या एन.डी.ए.साठी अभ्यास करते. २०२२पासून तिथे मुलींना प्रवेश आहे, आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या सतरा मुली तिथून बाहेर पडल्या. मेहुणे बराच वेळ चकलीच मोडत बसले. मग म्हणाले, “भाऊजी, पत्रांत नेमके काय लिहीत होता तुम्ही?”