संकेतस्थळांवरील अर्जांतील बहुओळी मजकूर आणि ओळबदलाची हाताळणी

प्रस्तावना

संकेतस्थळावरील अर्जात पत्ता, तक्रार, संशोधनाचा गोषवारा इत्यादींसाठी अनेक ओळी लिहिता येतील अशी मोठी चौकट असते. अर्जदार प्रत्येक मुद्दा नव्या ओळीवर घेऊन मजकूर लिहितो. परंतु सादर केल्यानंतर तोच मजकूर पुष्कळदा सलग दिसू लागतो. एकही शब्द गहाळ झालेला नसतो, तरीही अर्थाची हानी होते. पाच कलमांच्या तक्रारीतील कलमे परस्परांत मिसळतात, ओवीचे चरण गद्य वाटू लागतात. प्रस्तुत लेखात या ओळबदलाचे स्वरूप व त्याची योग्य हाताळणी यांचा विचार केला आहे.

ओळबदलाचे स्वरूप

‘एन्टर’ कळ दाबली असता मजकुरात एक अदृश्य चिन्ह नोंदले जाते. हे चिन्ह सर्वत्र एकच नाही, हा गोंधळाचा उगम होय. त्याचे मूळ दूरमुद्रक यंत्रात आहे. छपाईचा भाग ओळीच्या आरंभी परत नेणे आणि कागद एका ओळीने वर सरकविणे या तेथे दोन स्वतंत्र क्रिया होत्या. आस्की संकेतप्रणालीत पहिलीस १३ व दुसरीस १० हा क्रमांक मिळाला. यंत्रे गेली, संकेत मात्र राहिले. युनिक्स व लिनक्स यांनी केवळ १० स्वीकारला. डॉस व विंडोज यांनी दोन्ही ठेवले. जुन्या मॅकिंटॉशने केवळ १३ घेतला आणि २००१ मध्ये आलेल्या मॅक ओएस टेनने युनिक्सची रीत पत्करली.

एचटीएमएलच्या प्रमाणकानुसार ब्राउझर चौकटीतील ओळबदल स्वतःपाशी १० या एकाच चिन्हाने मोजतो. अर्ज पाठविताना मात्र, संगणक कोणताही असो, त्याचे १३ व १० असे जोडचिन्ह करतो. याचा परिणाम मर्यादा घातलेल्या चौकटीत जाणवतो. ५०० चिन्हांची मर्यादा असून अर्जदाराने त्यात १२ ओळबदलांसह नेमकी ५०० चिन्हे लिहिली, तर सर्व्हरकडे ५१२ पोहोचतात. मग अर्ज नाकारला जातो किंवा अखेरचे शब्द कापले जातात, आणि दोष बिचाऱ्या अर्जदाराच्या माथी येतो. मोजणीपूर्वी जोडचिन्हाचे १० या एका चिन्हात रूपांतर केल्यास हा प्रश्न उरत नाही.

साठवण आणि दर्शन

ओळी डेटाबेसमध्ये नष्ट होतात, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः त्या बहुधा तेथे सुरक्षित असतात. एचटीएमएलमध्ये लागोपाठच्या मोकळ्या जागा व ओळबदल यांची एकच मोकळी जागा धरली जाते. म्हणून ओळी केवळ दिसत नाहीत. पृष्ठाची मूळ संहिता उघडून पाहिली की याची खात्री पटते.

यावर पीएचपीतील ‘एनएलटूबीआर’ हे फंक्शन प्रचलित आहे. ते प्रत्येक ओळबदलापूर्वी ‘बीआर’ ही खूण घालते. अनेक आज्ञावलीकार असा खुणा घातलेला मजकूरच साठवून ठेवतात, ही पद्धत सदोष आहे. अर्जदार दुरुस्तीसाठी अर्ज उघडतो तेव्हा त्याच्या पत्त्यात त्या खुणा दिसू लागतात. छापील प्रतीतही त्याच उतरतात. मजकूर मूळ रूपात साठवावा आणि खुणा केवळ दाखविताना घालाव्यात. तत्पूर्वी मजकुरातील कोनी कंसांसारखी विशेष चिन्हे निष्प्रभ करणे अनिवार्य आहे. क्रम उलटल्यास घातलेल्या खुणाच अक्षररूपाने पडद्यावर येतात, आणि ही पायरी गाळल्यास दुष्ट हेतूने लिहिलेली आज्ञा वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालू शकते. सीएसएसमधील ‘व्हाइट-स्पेस’ या गुणधर्मास ‘प्री-लाइन’ हे मूल्य दिल्यास खुणांची गरजच राहत नाही. काव्यासारख्या मजकुरात ओळीच्या आरंभीची मोकळी जागाही जपायची असल्यास ‘प्री-रॅप’ वापरावे.

नाव किंवा विषय यांसारख्या एकओळी रकान्यांत ओळबदल येणारच नाही, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. ब्राउझर तो गाळतो हे खरे. परंतु ब्राउझरला वगळूनही सर्व्हरकडे विनंती पाठविता येते. अशा रकान्यातील मजकूर ई-मेलच्या शीर्षभागात तसाच गेला, तर ओळबदलानंतर नवे प्राप्तकर्ते घुसविता येतात व संस्थेच्या नावाने नको असलेली पत्रे रवाना होतात. येथे ओळबदल सर्व्हरवरच नाकारला पाहिजे.

अर्जांची यादी स्वल्पविरामांकित फाइलमध्ये उतरवितानाही हीच दक्षता लागते. आरएफसी ४१८० या २००५ च्या दस्तऐवजानुसार ओळबदल असलेला रकाना दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावा. तसे न केल्यास एका अर्जदाराच्या पत्त्याची दुसरी ओळ यादीत स्वतंत्र अर्जदार म्हणून उभी राहते.