‘तीनशेवीस’चा शिक्का आणि तात्यांचं डबडं

गेल्या थंडीत तात्यांचा मोबाईल उसाच्या सरीत पडला. शेतीपंपाला लाईट रात्रीची, पाणी पाजायचं काम एकट्याचं, म्हणून सदऱ्याच्या खिशात भजन चालू ठेवून ते बांधावरून फिरत होते. दारं मोडायला वाकले आणि भजन पाण्यात गेलं. सकाळी आष्ट्याच्या स्टँडजवळ चहा पिताना मला म्हणाले, "गाण्यापायी बँक बुडाली, सातबारा बुडाला, समद्यांचं नंबर बुडालं. पोरा, मला गाण्याचं येगळं डबडं बघ."

हे डबडं शोधताना जितके सल्ले मिळाले तितके घर बांधतानाही मिळाले नव्हते. निम्मे सल्ले कॅसेटच्या काळातले होते, उरलेले खोक्यावर छापलेले.

‘एमपी३ जुनं झालं, एमपी५ घ्या’

दुकानात कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. ‘एमपी३’ हे ‘एमपेग-१ ऑडिओ लेयर ३’चं आखूड रूप आहे. त्यातला ३ म्हणजे तिसरी आवृत्ती नव्हे, तिसरा थर. या पद्धतीवरचं बरंच काम जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं, आणि फाईलच्या शेपटीला ‘एमपी३’ लावायचं १९९५ मध्ये ठरलं. एमपी४ हा एमपी३चा धाकटा भाऊ नाही. ती नुसती पेटी आहे. तिच्यात चित्रही ठेवता येतं, आवाजही, आणि हा आवाज बहुतेक वेळा एएसी पद्धतीचा असतो. एमपी५ नावाचं तर कुठलं प्रमाणच नाही. विक्रेत्यांनी पाढा पुढे म्हटला, इतकंच.

२०१७ मध्ये ‘एमपी३ मेलं’ अशाही बातम्या झळकल्या होत्या. झालं होतं एवढंच की पेटंटची मुदत संपली आणि फ्राउनहोफरने परवाने देणं थांबवलं. म्हणजे एमपी३ सगळ्यांना मोकळं झालं. सातबाऱ्यावरचा बोजा उतरला म्हणून रान पडीक होत नाही.

‘तीनशेवीस आहे, डोळे झाकून घ्या’

एके काळी मोबाईलच्या दुकानांवर पाटी असायची, ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’. पैसे घेऊन अशी गाणी भरून देणं प्रताधिकार कायद्यात बसत नाही, हे ना देणाऱ्याच्या गावी असायचं ना घेणाऱ्याच्या. तसंच एक भरलेलं कार्ड मला कुणीतरी दिलं. फोल्डरचं नाव ‘३२० एचडी’. घरी येऊन भजन लावलं तर टाळ वाजतोय की कढईत फोडणी पडतेय, कळेना.

आता हा ३२० आकडा म्हणजे काय? एका सेकंदाच्या आवाजासाठी किती माहिती खर्ची घातली, त्याचं हे माप. सीडीवर ती सेकंदाला १,४११ किलोबिट असते. एमपी३ मध्ये जास्तीत जास्त ३२०, आणि १२८ घेतलं तर सीडीच्या अकराव्या हिश्शाएवढी. मग उरलेलं जातं कुठे? यात्रेत धनगरी ढोल आणि कैताळ सुरू झाले की शेजारच्याची कुजबुज कानावर पडत नाही. ती असते, पण मोठ्या आवाजाखाली झाकली जाते. एमपी३ नेमकं हेच हेरतं. मोठ्या आवाजाच्या आडोशाला गेलेलं बारीकसारीक ते एक तर मोजून टाकून देतं किंवा ओबडधोबड लिहितं. आकडा ठीक ठेवला तर कानाला फसवणूक कळत नाही. आकडा फार खाली नेला की कळते.

सगळ्यात आधी कळते ती टाळात. एमपी३ आवाजाचे छोटे तुकडे पाडून हिशेब करतं. एक चौकट १,१५२ नमुन्यांची, म्हणजे सेकंदाच्या अडतीसाव्या हिश्शाएवढी. टाळ पडतो तो क्षण याहून कितीतरी बारीक असतो. हिशेबातली चूक मग अख्ख्या तुकड्यावर पसरते आणि टाळ पडायच्या आधीच एक पुसट ‘फस्स’ ऐकू येतो. तीच ती फोडणी.

दुसरी परीक्षा तानपुऱ्याची. आष्ट्याहून सांगली ओलांडली की मिरज, आणि तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मिरजेचा कारागीर घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतो तेव्हा तो एकाच तारेतून वरच्या स्वरांचं मोहोळ उठवत असतो. ६४ किलोबिटला हे मोहोळ विरळ होतं. षड्ज जागेवर राहतो, पण तानपुरा पाण्याखाली ठेवून छेडल्यासारखा लागतो. ख्याल ऐकणाऱ्याने प्लेअर पारखताना गाणं सुरू व्हायच्या आधीचा तानपुरा ऐकावा.

पण माझ्या कार्डावर तर ३२० लिहिलं होतं! मुद्दा तिथेच आहे. त्या फायली कधीकाळी हलक्या आकड्यावर दाबलेल्या होत्या. कुणीतरी त्या उघडून परत ३२० वर जतन केल्या. यूट्यूबवरून ‘३२० मध्ये’ उतरवून देणाऱ्या सोयींचंही तेच. यूट्यूब मुळात देतं ते साधारण १२८ च्या एएसीत किंवा १६० च्या आतबाहेरच्या ओपस नावाच्या पद्धतीत. गुऱ्हाळाच्या मुलखातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. चिपाड पुन्हा चरकात घातलं म्हणून रस निघत नाही. काहील तेवढी मोठी आणता येते. उलट दर वेळी नव्याने दाबताना आणखी थोडं सांडतं.

ओळखायचं कसं? फाईलचा आकार खोटं बोलतो, कारण ३२० ची फाईल मिनिटाला २.४ एमबी जागा खाणारच, आत काहीही असो. ‘स्पेक’ नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आहे. त्यात फाईल टाकली की आवाजाचा नकाशा दिसतो, आडवा वेळ आणि उभी कंपनसंख्या. अस्सल ३२० मध्ये रंग २० हजार हर्ट्झच्या आसपास पोचतो. माझ्या भजनांत तो १६ हजारांवर सुरीने कापल्यासारखा थांबला होता. मात्र जुन्या ध्वनिमुद्रणांत वरचं मुळातच नसतं. तिथे या नकाशावरून कुणाला चोर ठरवू नका.

‘कॉपीची कॉपी केली की आवाज उतरतो’

कॅसेटबाबत खरं, फाईलबाबत नाही. दहा कार्डांवर नकलून अकराव्यावर आणली तरी फाईल तीच राहते. उतरतो तो रूपांतरात.

‘सगळं फ्लॅकमध्ये करून घेतलं, आता नो टेन्शन’

हे सांगणारा उत्साही तरुण होता, त्याला वाईट वाटू नये म्हणून मी मान डोलावली. फ्लॅक ही २००१ पासूनची पद्धत. ती काहीही टाकून देत नाही. गादी गुंडाळून दोरीने आवळावी तसं आवळते, आणि सोडलं की तंतोतंत मूळ मिळतं. सीडीवरचं गाणं फ्लॅकमध्ये साधारण पन्नास ते साठ टक्के जागेत बसतं. पण आत काय गुंडाळलंय, याच्याशी तिला देणंघेणं नाही. एमपी३ गुंडाळलं तर उलगडल्यावर एमपी३च निघणार, फक्त मोठ्या गाठोड्यातून. सीडीवरून किंवा थेट ध्वनिमुद्रणातून आलेली फ्लॅक तेवढी फ्लॅक.

‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’चा शिक्का त्याच्याही पुढचा. माणसाचा कान फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ती हद्द खाली येते. सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झचा दर २२ हजारांपर्यंतचा आवाज पुरता पकडतो. ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत ऐकणाऱ्यांना अशा वरच्या दर्जाच्या तबकड्या आणि सीडीइतका केलेला तोच आवाज वेगळा ओळखता आला नव्हता. स्टुडिओत काम करताना २४ बिट हवेतच. ऐकताना नाहीत. आमच्या जिल्ह्यातल्या नागठाण्याच्या बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या १९२ मध्ये विकत घेणाऱ्याला तर हात जोडावेत. ७८ फेऱ्यांच्या त्या तबकडीच्या खाचेत जे उतरलंच नाही, ते आज कुठून येणार?

‘मोबाईल असताना वेगळं यंत्र कोण घेतं?’

प्रश्न रास्त आहे. १९९८ मध्ये कोरियातून आलेल्या पहिल्या एमपी३ प्लेअरमध्ये ३२ एमबी जागा होती, जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. २००१ मध्ये आयपॉड आला आणि मे २०२२ मध्ये अ‍ॅपलने शेवटचा आयपॉडही बंद केला. पण वेगळी यंत्रं संपलेली नाहीत. एकीकडे सोनी, फियो यांची शौकिनांची, त्यांतली काही लाखाच्या पुढची. दुसरीकडे २०१७ पासूनचं सारेगामाचं कारवां, आधीच भरलेल्या गाण्यांचं, वडीलधाऱ्यांसाठी सोपं. मराठी गाण्यांचंही निघालं. त्यातली गाणी मात्र बदलता येत नाहीत, आपली हवी तर पेन ड्राइव्ह खोचायचा. आणि या दोन्हींच्या मध्ये कार्ड घालायची साधी डबडी.

तात्यांसाठी यांपैकी काय, हे ठरवताना फॉरमॅटचा प्रश्न शेवटी आला. आधी आली बटणं. चिखलाच्या बोटांना काचेचा पडदा दाद देत नाही. मग आला स्वतःचा स्पीकर. इअरफोन मी नकोच म्हटलं, कारण आमच्याकडे उसात बिबट्या फिरतो आणि रात्री रानात दोन्ही कान झाकणं शहाणपणाचं नाही. एकदा दोन इंची स्पीकर ठरला की फ्लॅक आणि १९२ च्या एमपी३ मधला फरक शोधणं म्हणजे बांधावर बसून मुंगीची पावलं मोजणं. ब्लूटूथवाल्यांनीही हे ध्यानात ठेवावं. फ्लॅक लावली तरी हवेतून जाताना ती पुन्हा दाबली जाते, साध्या हेडफोनला बहुधा एसबीसी पद्धतीने.

खरी फजिती पुढेच झाली. मी हौसेनं ६४ जीबीचं कार्ड घातलं, यंत्र म्हणालं ‘कार्ड नाही’. कार्ड खराब नव्हतं. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ मांडणीत येतात, त्यापुढची एक्सफॅटमध्ये, आणि स्वस्त यंत्राला ती वाचता येत नाही. ३२ जीबीचं घातलं, चाललं. १९२ च्या दरानं त्यात साडेतीनशेहून जास्त तास गाणं मावतं. एवढं तात्यांना दोन हंगाम पुरेल.

मग गीतरामायण भरलं. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गाजलेली सुधीर फडक्यांची ती ५६ गाणी, आणि कवी गदिमा आमच्याच जिल्ह्यातल्या शेटफळ्याचे, म्हणून तात्यांचा विशेष आग्रह. मी फायलींना १, २, ३ असे क्रमांक दिले होते. दोन दिवसांनी तात्यांचा निरोप आला, "आरं, रावण मेला, समदं आटपलं, आन् मग राम जन्मला!" साधी यंत्रं आकडे अक्षरांसारखे वाचतात. १ नंतर १०, मग ११, आणि ६ चा नंबर लागतो ५६ च्या मागे. ०१, ०२ असं लिहिल्यावर रामाचा जन्म जागेवर आला. नावंही रोमन अक्षरांत द्यावी लागली, कारण देवनागरीच्या जागी नुसते चौकोन उमटत होते.

कीर्तन, प्रवचन ही बोलण्याची ध्वनिमुद्रणं मोनोमध्ये ६४ किलोबिटला व्यवस्थित भागतात. गाण्याला एमपी३ असेल तर १९२ च्या खाली जाऊ नये, एएसी असेल तर १२८ ला हरकत नाही. फक्त खोक्यावर एएसी किंवा एम४ए चालतं असं लिहिलंय का ते पाहावं, खूपशा स्वस्त यंत्रांना ते येत नाही. आवाज किती मोठा ठेवायचा, त्यालाही माप आहे. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास पुरे म्हणते. उसाच्या ट्रॅक्टरवरचे डेक ऐकून त्यांना काय वाटेल ते वाटो.

हे सगळं मार्गी लागल्यावर तात्यांनी कपाटातून एक कॅसेट काढली. त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या, घरीच टेपवर घेतलेल्या. "ह्यातलं बी भर." ते मात्र मी थेट एमपी३ मध्ये केलं नाही. बाजारातलं गाणं बिघडलं तर दुसरीकडून आणता येतं, हे येणार नव्हतं. तुमच्या घरात अशी कॅसेट असेल तर आधी टेपचं हेड साफ करा, कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या, स्पीकरसमोर मोबाईल न धरता तार जोडून आवाज संगणकात घ्या आणि पहिली प्रत वेव्ह किंवा फ्लॅकमध्येच करा. ती दोन वेगळ्या जागी ठेवा. डबड्यासाठीची एमपी३ त्या प्रतीवरून हवी तेव्हा काढता येते.